घरची बाग : पाण्यातला वाफसा



मागच्या अंकानंतर दिमोनाहून एका आजींचं पत्र आलं. पत्र म्हणजे आजींनी तोंडाने सांगितलेलं आणि नातवाने फोनवर टाइप करून पाठवलेलं. आजींना गुडघ्यांमुळे आता खाली वाकून माती उकरता येत नाही. म्हणून लेकाने त्यांना बाल्कनीत टेबलावर ठेवायची पाण्यावरची बाग आणून दिली. बारा भोकांची प्लास्टिकची पेटी, प्रत्येक भोकात एक जाळीची टोपली आणि खाली खत मिसळलेलं पाणी. माती नाही, खुरपं नाही, वाकणं नाही. महिनाभर लेट्यूस छान वाढला. मग एका दुपारी सगळ्या रोपांनी माना टाकल्या. नातवाला वाटलं, रोपं भुकेली आहेत, म्हणून त्याने खताचं औषध दुप्पट ओतलं. तीन दिवसांत सगळं आटोपलं. झाकण उचललं तर मुळांवर तपकिरी, शेंबडासारखा बुळबुळीत थर आणि गटारासारखा वास. आजी शेवटी लिहितात, "पोरगा आता बाल्कनीत पाऊल टाकत नाही. म्हणतो, सफ्ता, मीच मारली."

तर आजचं हे सदर आधी त्या मुलासाठी, आणि मग आपल्या सगळ्यांसाठी.

बाळा, तू मारली नाहीस. दुप्पट खताने मदत झाली नाही हे खरं, पण दुखणं तुझ्या हाताच्या आधीच सुरू झालं होतं. आम्हाला हे इतकं ठामपणे सांगता येतं, कारण गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी इथे रास अल खैमात नेमकं हेच करून बसलो. आणि तू तर लहान आहेस. आमची दोघांची वयं मिळून सव्वाशेच्या वर जातात!

आमच्या पेटीत काय होतं, ते आधी सांगतो. सब्जा. आमच्यापैकी एकाची आई आणि एकीच्या सासूबाई, त्या रेवदंड्याच्या. त्यांच्या परसात सब्ज्याचं झाड होतं. शनिवारची सांज झाली की त्या त्याची डहाळी तोडून सगळ्यांना वास घ्यायला देत. त्या गेल्या तेव्हा घर आवरताना कागदाच्या पुडीत बी सापडलं. ते बी मुंबईला आलं, मग मुलाच्या नोकरीमागोमाग आमच्याबरोबर इथे आलं. दरवर्षी थोडं पेरायचं आणि थोडं राखायचं, असं चाललं होतं. मग दोन वर्षं राखायचं राहून गेलं. बी जुनं झालं. शेवटची चिमूट पेरली त्यातून तीनच अंकुर आले, आणि तगलं एकच. ते आम्ही फार विचार करून पाण्याच्या पेटीत लावलं, कारण सगळे म्हणत की पाण्यात झाड झपाट्याने वाढतं. वाढलंही. मे महिन्यात हातभर होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने मान टाकली.

आता आमच्या चुका मोजा.

पहिली चूक : पेटी दुधी रंगाची, अर्धवट पारदर्शक, आणि ती आम्ही उन्हात ठेवली. आतलं पाणी दिसतं याचं आम्हाला कौतुक.

दुसरी : इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि पाण्याच्या टाक्या असतात गच्चीवर. त्यामुळे जुलैत 'गार' नळाला हात लावला की पोळतो. इथली माणसं उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात, आणि घरातल्या गारव्यात निवलेलं गीझरचं पाणीच गार म्हणून वापरतात! हे सगळं ठाऊक असून आम्ही पेटी भरली ती थेट त्या पोळत्या नळाखाली.

तिसरी : पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप रात्री घूं-घूं करायचा आणि झोप मोडायची. म्हणून आम्ही तो रात्री बंद ठेवू लागलो.

चौथी : केळ्याच्या साली भिजवलेलं पाणी झाडाला टॉनिक म्हणून घातलं. आम्हा दोघांपैकी ही कल्पना कोणाची होती, ते इथे छापत नाही.

या चारही चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मुळात ती एकच चूक आहे. ती समजायला कोकणातला एक जुना शब्द आठवा : वाफसा. आपले वाडवडील पहिला पाऊस पडला म्हणून लगेच पेरायला धावत नसत. "वाफसा येऊ दे," म्हणत. जमीन चिखलासारखी ओलीगच्च नाही आणि कोरडीही नाही. मातीच्या कणांत ओल आहे आणि कणांच्या मधल्या जागेत हवा आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. कारण मूळ नुसतं पाणी पीत नाही. मूळ श्वाससुद्धा घेतं, रात्रंदिवस. पानाला उजेड मिळाला की ते दिवसा प्राणवायू तयार करतं, पण मुळाला तो बाहेरूनच मिळावा लागतो. मातीत तो पोकळ्यांतून मिळतो. पेटीत तो पाण्यात विरघळलेल्या हवेतूनच मिळणार.

आणि इथे खरी मेख आहे. पाणी जितकं तापतं, तितकी त्यात हवा कमी मावते. २० अंशांच्या एक लिटर गोड्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय उष्णतेने मुळांचा श्वास वाढतो, म्हणजे गरज जास्त आणि पुरवठा कमी. वर केळ्याच्या सालीचं पाणी घातलं की ते कुजवणारे जंतू उरलेला प्राणवायू खातात. मूळ गुदमरतं. गुदमरलेल्या मुळावर पिथियम नावाचा जीव चढतो. तो दिसायला बुरशीसारखा, पण त्याचे बीजाणू शेपटी हलवत पाण्यात पोहतात, त्यामुळे एका रोपावरून बाराही रोपांवर जायला त्याला वेळ लागत नाही. कोमट पाणी म्हणजे त्याला आंदणच. मुळं कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत, आणि रोप पाण्यात उभं राहून तहानेने वाळतं. आपण वरून पान बघतो आणि म्हणतो, "अरे, तहानलं, भुकेलं!" आणि आणखी ओततो.

इथे एखादा चौकस मुलगा विचारील : मग भात कसा पाण्यात उभा राहतो? त्याची मुळं का कुजत नाहीत? छान प्रश्न. भाताच्या अंगात बारीक पोकळ नळ्या असतात, पानापासून मुळापर्यंत. त्यांतून तो वरची हवा खाली नेतो. कमळकाकडी चिरली की भोकं दिसतात ना, तीही हवेचीच वाट. लेट्यूस, पालक, सब्जा यांच्याकडे अशी भरवशाची सोय नाही.

झाडं श्वासासाठी काय काय करतात ते पाहायचं असेल तर रास अल खैमाच्या खाडीकाठी यावं. ओहोटीला गेलात तर चिखलातून पेन्सिलींसारखी हजारो मुळं आकाशाकडे तोंड करून उभी दिसतील. ती तिवरांची श्वास घेणारी मुळं. इथले लोक या झाडाला कुर्म म्हणतात. हेच झाड अलिबाग-रेवदंड्याच्या खाड्यांत आहे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी त्याच चिखलात खेकडे धरणारी पोरं पाहिली असतील. त्या चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने नाकच वर काढलं. इतकं डोळ्यांसमोर असूनही आम्ही रात्रीचा पंप बंद केला, याला काय म्हणावं?

मातीवाचून शेती ही काही कालची टूम नाही. १९२९ च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गेरिक यांनी खताच्या पाण्यावर टोमॅटोचे मोठमोठे वेल वाढवून दाखवले. आपल्याकडे १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी बंगालात कालिंपाँगच्या बाजूला स्वस्तातली पद्धत बसवली. ती नुसत्या पाण्याची नव्हे, तर खडी-वाळू भरून तिला खताचं पाणी देण्याची. तिला बंगाल पद्धतच म्हणतात. आणि मुंबईकरांना तर हे घरचंच आहे. समुद्रकाठच्या वाळूत वाढवलेल्या, बोटभर उंचीच्या समुद्रमेथीच्या जुड्या बाजारात मिळायच्या, आठवतं? पांढरीशुभ्र मुळं, थोडी वाळू चिकटलेली. ती मुळं पांढरी का? वाळूच्या कणांत हवा खेळते म्हणून. वाळूतला वाफसा तो.

रास अल खैमाचीही गंमत ऐका. डोंगरावरून येणाऱ्या पाण्यामुळे हा या किनाऱ्याचा हिरवा भाग. १९५५ साली इथे दिगदागा गावी शेतीचं प्रयोगकेंद्र निघालं होतं. पुढे उपसा वाढला आणि बऱ्याच विहिरी खारट झाल्या. आता घरच्या नळाला येतं ते मुख्यतः समुद्राचं गोडं केलेलं पाणी. ते मातीत ओतून वाफ होऊ देण्यापेक्षा पेटीत पुन्हा पुन्हा फिरवणं परवडतं, म्हणून बाल्कनीतल्या पेट्या इकडे पुष्कळांना आवडतात. तिकडे नेगेवमध्येही पाण्याची किंमत आम्ही नव्याने सांगायला नको.

असो. आता कामाला लागू.

आधी दुखणं ओळखा. पानं बघू नका, टोपली उचलून मुळं बघा. हात घालण्याआधी पंपाची पिन काढा, हे आजी-आजोबांनी आणि मुलांनीही पक्कं लक्षात ठेवावं.

मुळं पांढरी किंवा सायीच्या रंगाची, घट्ट आणि बिनवासाची असतील तर सगळं ठीक. ओलसर हवेत लोंबणाऱ्या मुळांवर बारीक पांढरी लव दिसते. ती बुरशी नव्हे, मुळांचे केस आहेत. चोळून काढू नका.

मुळं तपकिरी, पण घट्ट आणि वास नाही, असं असेल तर बहुधा खताचा रंग चढला आहे. स्वच्छ पाण्यात खळबळून पाहा. चिंता नको.

पेटीच्या भिंतींवर, नळीत हिरवा थर असेल तर ते शेवाळ. उजेड आणि खत दोन्ही मिळालं की ते येणारच. ते थेट रोप मारत नाही, पण रात्री तेही प्राणवायू ओढतं, आणि मेलं की कुजून इतरांचं जेवण होतं.

मुळं तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी असतील तर एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखी तार उरली, तर ती मूळकुज. रोप दुपारी मान टाकतं आणि रात्री सावरतं, ही तिची पहिली हाक. त्याच दिवशी उठावं, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आता उपचार. ज्या रोपाची बहुतेक मुळं गेली असतील त्याचा मोह सोडा आणि ते काढून टाका. ज्याची निम्मी तरी पांढरी आहेत, ते गार पाण्यात धुऊन घ्या. कुजकी मुळं स्वच्छ कात्रीने कापा आणि वरची साधारण एक तृतीयांश पानंही काढा. मुळं थोडी उरली तर त्यांनी पानं तरी किती पोसायची? घरात चार कमावणारे होते तेव्हाचा खर्च एका कमावत्यावर टाकू नये, तसंच हे.

जुनं पाणी सगळं फेकून द्या. पेटी, टोपल्या, नळी आणि पंपाचा दगड हे एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात अर्धा तास बुडवा. मग तीन-चार वेळा खळबळून उन्हात खडखडीत वाळवा. दगड जुना असेल तर नवाच घ्या. हे काम मोठ्यांचं. मुलांनी लांब बसून बघावं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलाही आम्ल पदार्थ कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो.

नवं पाणी गार भरा, २० अंशांच्या आसपास; २५ च्या वर जाऊ देऊ नका. साधा थर्मामीटर बुडवून ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. खत पहिल्या आठवड्यात निम्मंच. आजारी माणसाला आपण आधी पेजच देतो ना? पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये असावा.

औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला दोन-तीन मिली घातलं तर थर मरतो. पण ते चांगल्या जंतूंनाही सोडत नाही, आणि जास्त झालं तर कोवळी मुळं भाजतात. त्याचा जोर एक-दोन दिवसांत ओसरतो. कारण दूर केलं नाही तर बुळबुळ परत येते. म्हणून आमचा सल्ला असा : ते एकदाच, स्वच्छतेपुरतं. रोजचं औषध करू नये.

आता पुन्हा होऊ नये म्हणून, आमच्या चार चुकांची उलटी वाट. पेटीला आतला उजेड बंद होईल असा काळा कागद गुंडाळा आणि त्यावर पांढरा किंवा चंदेरी, म्हणजे ऊन परतेल. रिकामी भोकंही झाका. दुपारी पाण्यात गोठवलेल्या पाण्याची एक बंद बाटली सोडा आणि संध्याकाळी बदला. पंप रात्रंदिवस चालू ठेवा. आवाज होत असेल तर खाली जाड फडकं घाला, आणि पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे वीज गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात येणार नाही. मुळं लांब झाली की पाण्याची पातळी दोन-तीन बोटं खाली आणा. वरची मुळं हवेत राहतात आणि खालची पाण्यात. हाच आपला पाण्यातला वाफसा. दर पंधरा दिवसांनी पाणी पूर्ण बदला, उन्हाळ्यात आठवड्याने. केळ्याच्या साली, चहाचा चोथा, ताक, पेंडीचं पाणी यांना पेटीत अजिबात जागा नाही. मातीत ते पचवणारं मोठं कुटुंब असतं, पेटीत नसतं.

आणि जिथे उन्हाळा फारच कडक, तिथे आणखी एक शहाणपण : जून ते सप्टेंबर बाल्कनीतली पेटी सरळ धुऊन उलटी घालावी. कोकणातला शेतकरी बाराही महिने नांगरत नाही. आम्ही आता तेच करतो.

मुलांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. पुदिन्याच्या दोन काड्या घ्या, खालची पानं काढा आणि दोन काचेच्या पेल्यांत ठेवा. एका पेल्याला काळा कागद गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. दोन्ही पाण्यांत चिमूटभर तेच खत घाला आणि उजेडात, पण उन्हाच्या बाहेर ठेवा. दोन-तीन आठवडे रोज एकदा पाहा आणि वहीत लिहा : पाणी कुठल्या पेल्यात हिरवं झालं? मुळांचा रंग काय? निकाल आम्हाला कळवा.

आता राहिला आमचा सब्जा.

झाकण उघडलं तेव्हा एक मूळ धड नव्हतं. धुतलं तर हातात सालीच आल्या. आम्ही दोघं काही वेळ नुसते बसून राहिलो. मग सुचलं की मुळं गेली तरी शेंडे अजून हिरवे आहेत. वरचे पाच शेंडे, पेराच्या जरा खाली, स्वच्छ सुरीने कापले. खालची पानं काढली आणि एसीच्या खोलीत, उन्हाबाहेर, गार पाण्याच्या पाच पेल्यांत ठेवले. खत काही नाही. रोज पाणी बदललं. दोन काळे पडले, एकाने नुसती पानं गाळली. नवव्या दिवशी चौथ्या पेल्यात पेरापाशी पांढरे ठिपके दिसले. त्या दिवशी रेवदंड्याच्या चुलत बहिणीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, इतक्यासाठी फोन? सब्जाच ना?" तिच्या परसात अजून उगवतो, तिला काय ठाऊक!

चौथा आणि पाचवा जगले. आता एक पाण्यात आहे, आणि एक वाळू-माती भरलेल्या कुंडीत. कुंडीतल्याला आम्ही मुद्दाम तुरा येऊ दिला आणि बी धरू दिलं. आपलं सगळं एकाच पेटीत ठेवू नये, हे आम्ही उशिरा शिकलो.

दिमोनाच्या आजी, तुमचा पत्ता संपादकांकडे आहे. सब्ज्याची डहाळी पाठवता येणार नाही, पण बाजारात मिळेल त्या सब्ज्याचा किंवा पुदिन्याचा एक शेंडा घ्या, आणि तो नातवाच्याच हाताने पेल्यात ठेवा. पेला टेबलावर, तुमच्या खुर्चीशेजारी. त्याला सांगा, पान बघू नकोस, खाली बघ. साधारण आठ-दहा दिवसांत पांढरे ठिपके दिसतील. दिसले की आम्हाला कळव म्हणावं, आणि या खेपेला पत्र त्याचं स्वतःचं असू दे.

कळावे, लोभ असावा.